पेट्रोल जातं कुठं

आईला मिरजेला लाईट द्यायला न्यायचं ठरलं आणि नेमकं तेव्हाच आमच्या मोटारीनं पेट्रोल ढोसायला सुरुवात केली. ढोसणं हाच शब्द बरोबर आहे. आष्ट्याहून मिरजेला जाऊन परत यायला पूर्वी जेवढं लागायचं, तेवढ्यात आता आम्ही जेमतेम मिरज गाठत होतो. चौऱ्याहत्तर सालची सुरुवात होती. तिकडं अरबांनी तेल अडवलेलं, इकडं आमच्या पंपावर टँकर त्याच्या मर्जीनं यायचा. पंपवाला एका गिऱ्हाइकाला एकच डबा द्यायचा आणि वर गोड आवाजात आईची तब्येत विचारायचा. तोच डबा त्याच्या डोक्यात घालावा असं मला वाटे.

आईच्या गर्भपिशवीत कॅन्सरची गाठ होती, ती जाळायला रोज लाईट, म्हणजे किरणं, द्यायची होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, लाईट एकदा सुरू केली की मध्ये खंड पडता कामा नये, नाहीतर दिलेलीही वाया जाईल. दवाखान्यात कॉट शिल्लक नव्हती. मिरजेत एक खोली घेऊन पाहिली, पण आईच्या अंगावरून जायचं, वास यायचा. घरमालकिणीनं दोन दिवसांतच हात जोडले. एसटीत बसणं तिला शक्य नव्हतं. राहिली वडिलांच्या मागं उरलेली मोटार. सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याकडून त्यांनी हौसेनं घेतलेली, जुनी, विलायती. ती चालवायला माझा धाकटा भाऊ होता. तो फौजेत ट्रक चालवायचा, आईसाठी रजा काढून आला होता. मी साताऱ्याहून, सासरहून आलेली. मागच्या सीटवर आईचं डोकं मांडीवर घेऊन बसायचं, एवढंच माझं काम.

पेट्रोलचा काटा कधीचाच मेला होता. भाऊ टाकीत कळकाची कामटी बुडवून ओल कुठवर आली ते बघायचा. परत आल्यावर कामटी बाहेर काढली की त्याच्या तोंडाकडं बघवत नसे.

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं प्लग काढले, काळे पडले होते, नवे घातले. कार्बोरेटर खोलून अंगणभर सडा घातला, धुतला, परत बसवला. "आता बगा ताई, निस्त्या वासावर पळंल मोटार." कसली पळते! मग त्यानं पॉइंट घासले, चाकांत हवा भरली. मागची चाकं हाताला चटका बसावा इतकी तापत होती, म्हणून ब्रेक सैल केले. दुसऱ्या दिवशी चाकं तशीच तापली. शेवटी तो एकटाच मोटार इस्लामपूरपर्यंत पिटाळून आला आणि म्हणाला, "प्येट्रोल बरोबर लागतंय. मोटारीत खोट न्हाई."

"मग काय आमच्यात हाय व्हय?" मी त्याच्यावर खेकसले.

मोटारीत खोट नाही म्हणजे कोणीतरी पेट्रोल चोरतंय, असं मी ठरवून टाकलं. शेजारच्या घरात फटफटी होती, तेवढा पुरावा मला पुरे होता. दिवस मावळताना मी टाकीचं झाकण कणकेनं लिंपलं. सकाळी कणीक जशीच्या तशी, फक्त मुंग्या लागलेल्या. चोर असता तर निदान त्याला धरता आलं असतं.

एके दिवशी दवाखान्यात आईला रक्ताची बाटली लावली. तेवढ्या वेळात आम्ही दोघं सांगलीला पेट्रोल शोधायला गेलो. मी पहिल्यांदाच पुढं बसले. मोटार भर्रकन सांगलीत पोचली, आपण किती जोरात चालवली ते भावाला कळलंसुद्धा नाही. पेट्रोल मिळालं नाही ते नाहीच. संध्याकाळी आईला घेऊन निघालो आणि इंजिन घरघरायला लागलं. हा आवाज मी रोज ऐकत होते, मोटारीचा आवाजच असा असतो असं समजत होते. त्या दिवशी मान लांब करून पुढं डोकावले. भाऊ दुसऱ्या गिअरच्या वर जातच नव्हता. उसाच्या गाड्यांनी रस्त्याला चाकोऱ्या पाडल्या होत्या. आई "अगं आई गं" म्हणाली की त्याचा पाय ब्रेकवर, जरा गप्प झाली की परत ॲक्सिलरेटरवर, पुन्हा ब्रेकवर. शिलाई मशीन चालवावं तसं चाललं होतं. रोग रेड्याला आणि आम्ही इतके दिवस औषध देत होतो पखालीला.

घरी आल्यावर परड्यात गाठून मी त्याला सांगितलं, पेट्रोल तुझ्या पायापाशी जातंय. तो गोंधळून स्वतःच्या पायाकडं बघत राहिला.

"मला ठावंच न्हाई, अक्का. ती कण्हली की पाय आपोआप जातुय."

"मग आवर तो पाय. या चालीनं लाईट अर्ध्यात सुटणार."

"म्हंजे आपटत न्हेऊ तिला?"

"आपटत ने, पण ने!" मी ओरडले आणि मला रडू कोसळलं. परड्याच्या भिंतीपलीकडंच आईचं अंथरूण होतं, याचं दोघांनाही भान राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं नाही. सीट दोन्ही हातांनी धरून ती ताठ बसली.

"लेका, आज मोटार पळीव."

"दुखंल, आई."

"मी वरडले तर थांब."

ती ओरडली नाही. डिग्रजच्या खड्ड्यांत तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. मी देवाकडं काय मागत होते ते माझं मलाच कळत नव्हतं. लवकर मिरज येऊ दे म्हणत होते, की हे थांबव म्हणत होते? भावाची मान मागून घामानं निथळताना दिसत होती. त्यानं एकदाही पाय उचलून ब्रेकवर ठेवला नाही.

दवाखान्याच्या आवारात त्यानं टाकीत कामटी बुडवली. आईनं दारातून विचारलं, "आलं का रं बरोबर?"

"न्हाई," तो म्हणाला. "कायबी फरक न्हाई, आई. उगंच पळवली. उद्यापास्नं हळूच जाऊ."

मी उतरून कामटी त्याच्या हातातून घेतली. निघताना होती त्याच्या अर्ध्याच्या वर ओल होती, म्हणजे परत जायला पुरणार होतं. कितीतरी दिवस आम्ही हीच खूण दिसायची वाट बघत होतो, आणि आता ती कामटी हातात धरवत नव्हती.

"आलंय आई," मी म्हणाले. "बरोबर आलंय."

भावानं माझ्याकडं पाहिलं. तसं त्यानं माझ्याकडं आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"मग रोज असंच," आई म्हणाली आणि माझ्या खांद्याला धरून आत निघाली.

परतताना मोटार सुरू करण्याआधी भावानं हात वर केला आणि ज्यात मागं बसलेली आई दिसायची तो डोक्यावरचा आरसा छताकडं फिरवला.