चार कोपऱ्यांचा स्क्रीन

बसवकल्याणच्या बस स्टँडसमोर खताचं दुकान होतं आणि त्याच्या वरच्या खोलीत आमच्या दैनिकाचं कार्यालय. एक टेबल, दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर. जिना बाहेरून, कठडा फक्त डाव्या बाजूला. मुख्य कार्यालयातल्या संपादकीय डेस्कवर बरीच वर्षं काढल्यावर माझी तिथे बदली झाली. बायको आणि मुलगी मागे राहिल्या. मुलगी नववीत होती, तिची शाळा मध्येच मोडायची नाही असं ठरलं.

माझ्या आधीचे वार्ताहर नुकतेच निवृत्त झाले होते. सगळा तालुका त्यांना अण्णा म्हणे, मीही तेच म्हणू लागलो. ते जवळच्या राजेश्वर गावचे. घरात कन्नड, बाजारात मराठी. निवृत्तीनंतरही त्यांच्याकडे एक काम ठेवलेलं होतं: दर आठवड्याला तालुक्यातल्या एका गावावर टिपण. ते रविवारी छापून येई आणि लिहायला अण्णा गुरुवारी कार्यालयात येत, कारण घरी कॉम्प्युटर नव्हता आणि हाताने लिहिलेला मजकूर मुख्य कार्यालय घेत नव्हतं.

किल्ली देताना त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या.

"पंखा दोनवर ठेवा, तीनवर कागद उडतेत. आन् गुरुवारी माझी खुर्ची मला सोडा, बाकी सहा दिवस राज्य तुमचं."

ते गेल्यावर मी कॉम्प्युटर सुरू केला. स्क्रीन पूर्ण काळा होता, अक्षरं पिवळी आणि बोटाच्या पेराएवढी. माउसचा बाण अंगठ्याएवढा. लिहायचं, पाठवायचं, जुना मजकूर आणि फोटो अशी चार चिन्हं होती आणि ती चार कोपऱ्यांत ठेवलेली होती. मधे काही नाही. एवढ्या मोठ्या अक्षरांत निम्मी बातमीही एका वेळी दिसत नव्हती. मला हसू आलं. डेस्कवर असताना बाहेरगावच्या वार्ताहरांची मशिनं कशी असतात यावर आम्ही बरेच विनोद करायचो.

मी दहा मिनिटांत सगळं सरळ केलं. रंग नेहमीचे केले. अक्षरांचा आकार शंभर टक्क्यांवर आणला, बाण लहान केला. चिन्हं आपोआप रांगेत लागतील असं केलं, ती डाव्या कडेला एकाखाली एक जाऊन बसली. मग मागे मुलीचा फोटो लावला. निघताना तिने तो स्वतः निवडून माझ्या फोनवर पाठवला होता. गच्चीवर, निळ्या ओढणीत, वाऱ्याने केस तोंडावर आलेले. "हाच लावायचा, बाबा. दुसरा नाही," असं तिने बजावलं होतं. भाड्याच्या खोलीवर परतण्याआधी मी रोज काही वेळ तो बघत बसे. त्या गावात मला ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं.

पहिल्या गुरुवारी अण्णा साडेदहाला आले. त्या दिवशी गाणगापूरला जाणाऱ्यांची स्टँडवर गर्दी असते, दुपारी तर कार्यालयात बसून एकमेकांचं बोलणं नीट ऐकू येत नाही. ते खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि माउस धरला. बाण वरच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन त्यांनी दोनदा दाबलं. जुन्या मजकुराची पेटी उघडली. ती त्यांनी बंद केली नाही. बाण वरच्या उजव्या कोपऱ्यात नेला, तिथे दाबलं. तिथे आकाश होतं. मग ते पुढे झुकले, नाक काचेला लागेल इतके.

"साहेब, हे निळं निळं काय लावलंय?"

"मुलीचा फोटो आहे, अण्णा."

"व्हय व्हय," ते लगेच म्हणाले. "गोड हाय पोरगी."

चेहरा त्यांना दिसला नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी माउस सोडला, हात मांडीवर घेतले.

"आज डोकं चालंना गेलंय. या आठवड्याला ऱ्हाऊ द्या."

"का हो? कोहिनूर गावावर लिहिणार होतात ना?"

"कोहिनूर कुठं पळून जायलंय काय? लिहू की पुढच्याला."

ते जिना उतरले. मी खिडकीत उभा होतो. स्टँडवर फलाटावरच्या पाटीखाली ते थांबले. पाटी कन्नडमध्ये होती आणि अण्णांचं कन्नड त्यांच्या मराठीपेक्षा चांगलं होतं. पाटी वाचण्याऐवजी त्यांनी शेजारच्या बाईला विचारलं. बस आली तेव्हा कंडक्टरला विचारलं आणि पायरीवर पाय ठेवून आणखी एकदा ड्रायव्हरला. ज्या रस्त्यावरून ते आयुष्यभर ये-जा करत होते, त्या रस्त्याची ती बस होती.

मी मशीनकडे वळलो. आठवड्यापूर्वी मी काय पुसून टाकलं, ते मला आत्ता दिसलं. त्यांनी ते एका दिवसात केलं नसणार. आधी अक्षर थोडं मोठं, पुढे आणखी मोठं, मग काळं-पिवळं, आणि शेवटी चार कोपरे, कारण कोपरा हाताला सापडतो. कळफलकाकडे बघायची त्यांना गरज नव्हती, त्यांची बोटं जुन्या टाइपरायटरवर तयार झालेली होती. मुख्य कार्यालयाला यातलं काही माहीत नव्हतं. तिथे अशी सदरं कमी करायचं चाललेलंच होतं. दिसत नाही असं कळलं असतं, तर अण्णांचं टिपण त्याच आठवड्याला बंद झालं असतं.

सगळं परत बसवायला मला दोन दुपारी लागल्या. काळं-पिवळं सापडलं. बाण सापडला. अक्षरांचा नेमका आकार आठवेना, तेव्हा अंदाजाने पावणेदोनशे टक्के ठेवला. चार चिन्हंही आठवली, पण कुठल्या कोपऱ्यात काय होतं ते नाही. दुसऱ्यांच्या बातमीतली वेलांटीसुद्धा नजरेतून न सुटणाऱ्या माझ्याकडून हे टिपायचं राहिलं होतं. अण्णांना विचारावं तर मला कळलंय हे सांगावं लागणार होतं.

त्यांच्यासाठी वेगळं खातं उघडून पाहिलं. तेव्हा सुरुवातीला दोन नावं दिसू लागली, बारीक अक्षरांत, त्यातलं एक निवडायचं. ते त्यांना जमलं नसतं. म्हणजे दोघांना एकाच स्क्रीनवर काम करावं लागणार होतं. आणि त्या काळ्या रंगसंगतीत मागे फोटो राहत नाही. मुलीचा फोटो गेला.

पुढच्या गुरुवारी अण्णा बसल्यावर मी चहा सांगायला म्हणून खाली गेलो आणि मुद्दाम वेळ लावला. परत आलो तेव्हा त्यांचा हात माउसवर होता, पण ते काही करत नव्हते. स्क्रीनवर मजकुराऐवजी फोटोंचं कपाट उघडलेलं होतं.

मी बशी टेबलावर ठेवली. ते माझ्याकडे न वळता म्हणाले, "फोटो हितं नव्हते."

मी माउसकडे हात नेला.

"उजव्या हाताला होते. खालच्या अंगाला."

मी वाकून फोटोंचं चिन्ह खाली उजवीकडे नेलं.

"आन् लिहायचं वर, डावीकडं. पाठवायचं त्याच्या समोर. जुनं खाली डावीकडं." ते एकेक सांगत गेले, मी एकेक हलवत गेलो. झाल्यावर त्यांनी चहा ओतून घेतला.

"वर कळवलात काय साहेब?"

"काय कळवायचं?"

"तेच म्हणायलो मी. काय कळवायचं." मग बशी खाली ठेवून, "तुमचं कसं भागायलंय ह्याच्यावर? तुमचे तर डोळे तरणे हाईत."

"बरं पडतं मलाही."

"खोटं बोलायलात. डेस्कवाल्याला खोटं जमत न्हाई, सवय नसती. वार्ताहराला जमतंय." ते हसले आणि लिहायला लागले. कोहिनूर एका बैठकीत झालं. मी वाचून दाखवलं. एका जागी त्यांनी मला थांबवलं आणि विहिरीची दिशा पूर्वेऐवजी पश्चिम करायला सांगितली.

त्यानंतर पावसाळा आणि हिवाळा मी काळ्यावर पिवळ्या अक्षरांत काम केलं. सोमवार ते बुधवार आणि शुक्रवारपासून पुढे ती खोली माझ्या एकट्याची असे आणि स्क्रीन त्यांचा. बातमी तुकड्यातुकड्याने दिसे, सुरुवात वाचताना शेवट दिसत नसे. मधल्या दिवसांत माझ्या सोयीचं करून बुधवारी परत त्यांच्यासारखं करणं शक्य होतं. एकदा तसं केलं, तर चिन्हं पुन्हा रांगेत गेली. पुन्हा ते केलं नाही. मुलगी व्हिडिओ कॉलवर विचारायची, "माझा फोटो आहे ना?" मी आहे म्हणायचो. फोनमध्ये तो होता.

गुरुवारी आम्ही फार बोलत नसू. पण साडेदहाच्या सुमारास जिन्यावर त्यांची चप्पल वाजली की मी पंखा दोनवर आणायचो.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी चप्पल वाजली नाही. मी मशीन सुरू करून खुर्ची रिकामी ठेवली होती. दुपारी त्यांच्या लेकीचा हुमनाबादहून फोन आला. अण्णा तिच्याकडे होते. आदल्या आठवड्यात आमच्याकडून निघाल्यावर, जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर, त्यांचा पाय चुकला होता. तसेच लंगडत बसमध्ये चढले होते आणि घरी कुणाला बोलले नव्हते. स्टँडवरच्या दुपारच्या गोंगाटात मला वरून काही ऐकू आलं नव्हतं. स्क्रीनचा विचार मी केला होता, जिन्याचा नाही.

तिने फोन त्यांना दिला.

"साहेब, आता जिना होत न्हाई."

"फोनवर सांगा अण्णा. मी टाइप करतो, नाव तुमचंच जाईल."

"न्हाई. मी लिहायचो. सांगायचो न्हाई. सांगणारे लई हाईत तालुक्यात."

"मग मी हुमनाबादला मशीन घेऊन येतो."

"कामून येडेपणा करायलात? एवढं काळं-पिवळं केलात, ते लई झालं." मग आवाज बदलून म्हणाले, "वर काय सांगणार?"

"तब्येतीमुळे लिहिणं थांबवलं."

"पायामुळं म्हणा. पाय मोडलाय म्हणा."

मी तसं कळवलं. पाय मोडल्यामुळे. उलट टपाली उत्तर आलं की सदराची जागा जाहिरातीला देत आहोत. डोळ्यांबद्दल तिथे कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही.

शुक्रवारी आणि शनिवारी मी काहीच बदललं नाही. सोमवारी सकाळी रंग नेहमीचे केले, अक्षर लहान केलं. मुलीचा फोटो परत आला. गच्ची, ओढणी, केस. बाण आपोआप रांग लावण्याच्या पर्यायावर नेला आणि न दाबताच तिथून काढला. रंग बदलताना रांगेत गेलेली चिन्हं मी हाताने परत चार कोपऱ्यांत नेऊन ठेवली. फोटोंचं चिन्ह ओढणीच्या टोकावर आलं, उजव्या हाताला, खालच्या अंगाला.