चोपलेली जमीन

लोणावळ्यातलं साहेबाच्या काळचं बंद पडलेलं थिएटर आमच्या मंडळानं दुरुस्त करायला घेतलं, तेव्हा कार्ल्याहून एक मावशी जमीन चोपायला यायची. संध्याकाळी ती तांब्याभर पाणी ओतून उतार बघायची.

"मागच्यालाबी पडदा दिसाया पायजे," म्हणायची.

नंतर त्या जमिनीवर आम्ही खुर्च्या ठोकल्या.

पहिल्या खेळाला तिलाही बोलावलं होतं. बसायला घडी केलेलं पोतं घेऊन आली आणि दारातच थांबली.

"मावशी, बसा ना खुर्चीवर," मी म्हणालो.

"आमची मानसं भुईवर बसतील म्हणून चोपली व्हती. तुमी भुई ठेवलीच न्हाई."

पोतं काखेत मारून ती गेली. तिचं नावही मी कधी विचारलं नव्हतं.

मी शेवटच्या रांगेत बसलो. पडदा अगदी स्वच्छ दिसत होता.