हातातला पेपर

त्या सकाळी मी नवऱ्याला खोटा पेपर वाचून दाखवला.

अंगण झाडून झालं होतं. सुताची खळ चुलीवर शिजत होती. भाकऱ्या व्हायच्या होत्या, मागाच्या कांड्या सुतानं भरायच्या होत्या.
पहाटेच्या गाडीनं आलेला पेपर नेहमीसारखा दारात पडला होता.

आज हे जाऊन वर्ष झालं.
म्हणून ही हकीगत माझ्या हातानं लिहून आपल्या कट्ट्याच्या भिंतीला लावते आहे. खळ घरचीच आहे, चांगली चिकटेल.

तुम्ही सगळे यांना मास्तर म्हणायचात. शाळेत यांनी कधी शिकवलं नाही. जन्मभर माग चालवला.
पण मागावर बसण्याआधी कट्ट्यावर तुम्हाला पेपर वाचून दाखवायचे आणि दर बातमीवर आपलं मत ठोकून द्यायचे, म्हणून मास्तर.

तुम्हाला ठाऊक नाही ते सांगते.

शेवटची दोन वर्षं यांना अक्षर दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

पेपर मी वाचायचे.

मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. वाण्याकडच्या पुड्यांचे कागद उलगडून अक्षरं लावायला शिकले. पहाटे चुलीपुढे बसून हळू आवाजात वाचायचे, हे डोळे मिटून ऐकायचे. एकदा ऐकलं की पाठ.
मग बाहेर जाऊन पेपर डोळ्यांपुढे धरायचे. पान कुठं उलटायचं तेही मी सांगून ठेवलेलं असायचं.

पण मतं त्यांची स्वतःची होती. त्यात माझं काही नाही.

"लंडनात गोल टेबलाभोवती बसल्यात म्हनं. टेबल गोल असूं दे की. जेवान कुनाच्या घरचं हाय ते बगा!"

"अमेरिकेत पैशेवाले बुडाले आन् हितं आपल्या लुगड्याला गिऱ्हाईक न्हाय. दोरा एकच हाय, गाठ तिकडं बसती आन् तुटतोय हितं."

आणि सिद्रामप्पा, तुम्ही म्हणायचात, "मास्तर, व्हाइसरॉयला एक पत्र टाका की. तुमच्याबिगर अडलंय त्याचं."

"टाकलं असतं. पर त्याला मराटी कुटं येतंय?"

तो हशा मला आत ऐकू यायचा. भाकरी थापता थापता मीही हसायचे.

त्या वर्षी गावातला मार्शल लॉ उठला होता, पण आपल्या गावचे चौघं फाशीची शिक्षा होऊन तुरुंगात होते. तुमच्यापैकी प्रत्येक जण रोज त्यांचंच विचारायचा.
आणि हे रोज छातीठोक सांगायचे, "फाशी व्हायची न्हाय. तिकडं बोलनी चालल्यात. बोलनी चालू असताना दोर कोन ओढतंय? एवडं खुळं सरकार न्हाय."
तुम्ही विश्वास ठेवून कामाला जायचात.

त्या सकाळी पेपर उघडला आणि पहिलीच ओळ.
यरवड्यात चौघांना फाशी दिली.

"का गं, थांबलीस का?"

"खळ उतू चाललीय," मी म्हटलं.

उठले. भांडं उतरवलं. परत येऊन त्याखालची लंडनची बातमी वाचली.

"आन् आपल्या गावाचं?"

"आज काही नाही."

दम्यानं बेजार होते, त्यांना सोसलं नसतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले.
ते खरं नाही. त्यांचं मत खोटं ठरलेलं मला त्यांच्या तोंडावर बघवणार नव्हतं. आणि कांड्या भरायच्या होत्या.
ते बाहेर जाऊन काय बोलतील, याचा मी विचारच केला नाही.

हे कट्ट्यावर गेले. पेपर उघडला. लंडनचं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "बगा, चौघंबी सुटून येत्यात."



मग सिद्रामप्पा, तुमचा आवाज आला. "मास्तर, टेसनावर बोंब झालीया. फासावर दिलं म्हनं चौघान्लाबी. हातातला पेपर वाचा की."

यांनी पेपर खाली ठेवला.

"आप्पा, दोन वर्सं झाली, मला अक्षर दिसत न्हाय."

"मग दोन वर्सं काय वाचत व्हता?"

"माझी बायको वाचते," एवढं म्हटलं असतं तरी सुटले असते. यांनी तेही म्हटलं नाही.
मी दाराआडच उभी होते. "मी गाळलं" एवढंच मला म्हणायचं होतं.
डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत आले.

हे आत आले. म्हणाले, "चौघांची नावं वाच."
वाचली.
"पुन्यांदा."
पुन्हा वाचली.
"मला काय सोसतंय ते मी बगितलं असतं की गं."

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर रोज सकाळी मी विचारायचे, "वाचू का?"
"ऱ्हाऊ दे."

गल्लीत त्यांना थापाड्या मास्तर म्हणू लागले. दोन वर्षं मनचंच सांगत होता, असं झालं. मी पाण्याला जाताना ऐकायचे. तेव्हाही बोलले नाही. चार महिन्यांनी हे गेले.

त्या दोन वर्षांतली एकही बातमी त्यांनी मनची सांगितली नाही. शेवटची खोटी होती, ती माझी.

ज्याला वाचता येतं त्यानं हे बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं. काही गाळू नये.

अहो, नमस्कार करते. चुकले.

हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीही पेपर आला. सुतकातली बाई बाहेर आली म्हणून समोरच्या काकूंनी दार लावून घेतलं. मी कट्ट्यावर त्यांच्या जागी बसले आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत सगळा पेपर मोठ्यानं वाचला.