बेटावरची लाल गुढी

स्कॉटलंडच्या एका चिमुकल्या बेटावर मी मास्तर होतो. शाळेत पोरं सहा, मास्तर एक. पहिलं वर्ष माझ्या परीक्षेचं. कौन्सिलच्या एक बाई बोटीनं येऊन माझा तास बघणार, आणि मला कायम करायचं की घरी धाडायचं ते ठरवणार. तारीख आली ती नेमकी पाडव्याची. मला वाटलं, शुभशकुन.

सकाळी घरावर गुढी उभारली. काठी मासेमारीची, तांब्या पुण्याचा, आईनं पार्सलनं पाठवलेला लालभडक खण. कडुनिंबाऐवजी कुठलंसं रानटी झुडूप आणि गाठींऐवजी दोऱ्यात ओवलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या. वाऱ्यावर ती अशी फडफडली की माझी छाती फुगली. वीस मिनिटं फुगलेली राहिली.

बेटाची एक जुनी रीत होती: घरावर काठीला लाल कापड म्हणजे आत कुणीतरी अत्यवस्थ आहे, पलीकडच्या किनाऱ्यावरून नर्सला आणा. आता मोबाईल आले होते, पण वारं सुटलं की रेंज जाई, म्हणून रीत चालूच होती. हे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. पलीकडच्या धक्क्यावर बाई बोटीत बसल्या आणि नावाड्याला माझी गुढी दिसली. त्यानं नर्सला उचललं नि बोट अशी हाणली की बाई पोचल्या त्या चिंब भिजून, सकाळचा नाश्ता समुद्राला देऊन.

दार उघडताच नर्सनं मला खुर्चीत दाबलं आणि दंडाला पट्टा गुंडाळला. ब्लडप्रेशर उत्तम निघालं.

"मग मरतंय कोण, मास्तर?" नावाड्यानं विचारलं.

"कुणी नाही. आमचं नवं वर्ष आहे."

बाईंच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. एव्हाना पोरं दारात जमली होती. हा काय प्रकार आहे, असं बाईंनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सगळ्यांत धाकटी पोरगी पुढं झाली. काठी कशाला, तांब्या उपडा का, आदल्या दिवशी वर्गात मी जे जे बडबडलो होतो ते तिनं घडाघडा सांगितलं. आणि त्या गोळ्या?

"त्या संध्याकाळी आम्हाला. मास्तरांनी कबूल केलंय."

नावाडी आधी हसला, मग नर्स. बाईंनी म्हटलं, तास बघून झाला, आता टॉवेल द्या.

पंधरवड्यानं कायम केल्याचं पत्र आलं. खाली बाईंनी स्वतःच्या हातानं एक अट लिहिली होती: पुढच्या वर्षी कापड हिरवं.