मागून येणारा सूर

सुदाममामा कीबोर्डला हात लावण्याआधी दोन्ही हात साबणाने पार कोपरापर्यंत धुवायचे. बेलापूरला त्यांचं घर आमच्या घराला लागून. साखर कारखान्यात मळीच्या टाकीवर नोकरी, त्यामुळे अंगाला तो आंबूस वास कायमचा. "सुराला चिकट हात चालत न्हाई, वैशे," असं म्हणत ते पंच्याला हात पुसायचे आणि मगच कीबोर्डवरचं फडकं काढायचे. आमच्याकडे विहारापुढच्या जयंतीच्या गाण्यांना पेटीवाले पुष्कळ होते. कीबोर्डवाले मात्र मामा एकटेच, आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता.

मला त्यांनीच शिकवलं. मी घाई केली की पाठीत धपाटा बसायचा. "ढोलकी बैल हाय, आपुन गाडी. गाडी कवा बैलाच्या म्होरं पळती का?" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही वाजवायला बसले की पाठ आपोआप ताठ होते.

मग श्रीरामपुरात रवीने स्टुडिओ टाकला. रवी म्हणजे मामांचा पुतण्या. एक गाळा, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, एक कॉम्प्युटर. कीबोर्ड वायरने कॉम्प्युटरला जोडायचा, त्याचा स्वतःचा आवाज बंद ठेवायचा, आणि कॉम्प्युटरमधून येईल तो सूर हेडफोनवर ऐकत वाजवायचं. पहिल्या दिवशी मी सोबत होते. मामांनी पट्टी दाबली आणि थबकले.

"रवी, सूर मागनं येतोय रं."

रवीने स्क्रीनवरून नजरसुद्धा काढली नाही. "काका, बाकीच्यांचं बराबर येतंय की. तुमचाच हात मागं पडतोय. वय झालं आता."

बाकीच्यांचं बरोबर! बाकीच्यांचे सूर हा पठ्ठ्या मागाहून माउसने ओढून जागेवर बसवायचा. ते आम्हाला कुठून ठाऊक असणार? मामा आपल्या बोटांकडे बघत राहिले. "मशीनचं आन् माझं काय वैर हाय? त्ये कशाला खोटं बोलंल?" ते म्हणाले.

आणि माणूस कामाला लागला. ठोका पडायच्या जरा आधीच पट्टी दाबायची, म्हणजे हेडफोनमध्ये सूर वेळेवर येतो, हे त्यांनी हेरलं. मला घाईबद्दल धपाटे घालणारे मामा स्वतः घाईचा रियाज करू लागले. स्टुडिओत ते चपखल बसायचं. रवी "आता कसं!" म्हणाला की मामा शाळेत पहिला नंबर आल्यासारखे घरी यायचे. घरचं वाजवणं ऐकून मी एकदा म्हटलंही, "मामा, पळताय तुम्ही." त्यावर उत्तर ठरलेलं. "तुझा कान कच्चा हाय."

त्या वर्षीच्या जयंतीला विहारापुढे अख्खा गाव जमला होता. इथे मधे कॉम्प्युटर नव्हता, कीबोर्ड थेट स्पीकरला. पहिल्या ओळीपासून मामा ढोलकीच्या पुढे. ढोलकीवाला त्यांना मागे ओढतोय, मामा पुढे पळताहेत. शेवटी गाणाऱ्या बाईच थांबल्या. पुढे बसलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. "मामा, यष्टी सुटली का काय?" कुणीतरी ओरडलं आणि गाव हसला. मामांनी कीबोर्डवर फडकं टाकलं आणि ते स्टेजवरून उतरले. पुढल्या वर्षापासून त्या जागी रवीचा पेनड्राइव्ह वाजू लागला. मामांनीही घरी फडकं काढायचं सोडलं.

मी नोकरीला लागले, नगरला शाळेत. एकदा मुलांची गाणी लॅपटॉपवर रेकॉर्ड करायला बसले, तर माझाही सूर मागून. फरक एवढाच, की तुझाच हात मागं पडतोय असं सांगायला शेजारी कुणी शहाणा नव्हता. म्हणून मी शोधाशोध केली. सॉफ्टवेअर सूर बाहेर सोडण्याआधी क्षणभर अडवून ठेवतं. तो अडवण्याचा वेळ कमी केला आणि सूर जागेवर आला. बस, एवढंच! माझं डोकं सणकलं. तशीच रवीला फोन लावला.

"हां, ते व्हय," तो म्हणाला. "ते मला मागंच सापडलं हुतं. पन तवर काकांनी सोडलंच हुतं ना. सांगून काय उपेग?" आणि वर हसला. त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवारी लॅपटॉप घेऊन बेलापूर गाठलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. उठले, हात धुतले, कोपरापर्यंत, आणि कीबोर्डवरचं फडकं काढलं. मी वायर जोडली, हेडफोन दिला. त्यांनी एक पट्टी दाबली आणि चेहरा उजळला. "आता लगीच येतोय की गं!"

मग मी लॅपटॉपवर ढोलकी लावली. मामा वाजवू लागले, आणि प्रत्येक सूर ढोलकीच्या आधी. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. हाताला वळण पडून गेलं होतं. "होईल मामा, थोडा सराव केला की," मी म्हटलं, पण माझाच आवाज मला खोटा वाटला.

"तवा मशीन चुकत हुतं," मामा म्हणाले, "आता मी चुकतोय. कुनाला धरायचं, सांग." आणि त्यांनी फडक्याकडे हात नेला.

यंदा जयंतीला मी गावी होते. स्टेजवर रवीचा पेनड्राइव्ह वाजत होता, सगळं पटांगण टाळ्यांनी ठेका धरत होतं. मामा माझ्या शेजारच्या खुर्चीत. तेही टाळ्या वाजवायला लागले. त्यांची टाळी सगळ्यांच्या आधी पडली. दुसरीही तशीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि गाणं संपेपर्यंत तसेच बसून राहिले.