समुद्राकडे पाठ

सांथोमच्या जुन्या कॅथेड्रलमागे, समुद्राच्या बाजूला, एक लाकडी खांब आहे. तो संत थॉमसने रोवला आणि समुद्र त्यापुढे येणार नाही असं सांगितलं, अशी आख्यायिका आहे. खांबाजवळ मेणबत्त्या विकणारी बाई ही गोष्ट येईल त्याला ऐकवते. मीही अनेकदा ऐकली आहे. शेवटी ती ठासून विचारते, "कळलं का?" स्टुलावर ती नेहमी समुद्राकडे पाठ करून बसते. मागच्या कोळीवाड्यात सगळे तिला अक्का म्हणतात.

वादळाचा इशारा आला त्या दुपारी पोलीस कोळीवाड्यातल्या लोकांना शाळेत हलायला सांगत होते. लाटा होड्यांपर्यंत आल्या होत्या, तरी कोणी उठेना.

"समुद्र खांब ओलांडत नाही, अक्काच सांगते," ताता, म्हणजे आजोबा, म्हणून ओळखला जाणारा एक म्हातारा कोळी पोलिसाला म्हणाला. "ती निघाली तर आम्ही निघू."

सगळे अक्काकडे बघू लागले. तिने मेणबत्त्यांची टोपली डोक्यावर घेतली.

"खांब पाणी अडवतो. वारा अडवीन असं संत कधी म्हणाला? तुझ्या छपराचा पत्रा उडून माझ्याच मानेवर यायचा. ऊठ, ताता!"

म्हातारा हसत उठला. त्याच्यामागून सगळी वस्ती निघाली.

सकाळी समुद्र खांबापासून लांबच होता. "उगाच पळवलंस, अक्का," म्हाताऱ्याने टोमणा मारला. बाहेरगावच्या एका जोडप्याला ती तीच गोष्ट तितक्याच ठामपणे सांगत होती. आज मात्र ती स्टुलावर समुद्राकडे तोंड करून बसली होती.