माऊस नको

ठाण्यातल्या त्या कॉम्प्युटर क्लासात चपला बाहेर काढाव्या लागत आणि एका मशीनवर दोघं बसत. माझ्या शेजारी कोळीवाड्यातली एक बाई असायची. सकाळची मासळी विकून यायची, पदराला हात पुसूनच कीबोर्डला बोट लावायची. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा सर म्हणाले, "छोटेच प्रोग्राम लिहायचेत. नुसत्या कीबोर्डवर चालणारा जुना एडिटर घ्या, नाहीतर नवा माऊसवाला. जोडीजोडीने ठरवा."

मी "नवा" म्हणणार तेवढ्यात ती म्हणाली, "आमाला जुनाच."

मी वैतागलो. "अहो, माऊसने किती सोपं जातं!"

ती खाली बघत हळूच म्हणाली, "कितीपण लिंबू चोळला तरी मावऱ्याचा वास जात नाय, दादा. तुमी रोज माऊस पुसता, मना दिसतं."

हातातला रुमाल मी खिशात कोंबला. माझ्या तळहातांना लहानपणापासून घाम सुटतो. तिच्या हाती माऊस ओला जाऊ नये म्हणून मी तो पुसायचो. एवढंच सांगायचं होतं. पण माझ्या हातांची मला इतकी लाज वाटली, की मी सरांना म्हणालो, "जुनाच द्या."